हंचाटे, लिहून घ्या

"हंचाटे, लिहून घ्या," म्हणाले अध्यक्ष,
आणि मी घेतलं लिहून:
बैठक सुरू सव्वाबारा. हजर महाविद्यालयं अकरा.
पंखा एक, अध्यक्षांकडे तोंड केलेला
(हे नाही लिहिलं).
बाहेर त्रेचाळीस. खिडकीतून
मैदानावरचा चुना डोळ्यांत खुपत होता.

पुण्याहून आलेल्या माणसानं पाणीसुद्धा मागितलं नाही.
बॅगेतून कागद काढले.
आमच्या पोरींचा खो-खो त्यात 'कंटेंट' होता.
मी शब्द तसाच उतरवला.

तीन वर्षं, साडेआठ लाख.
आकडा टेबलावर आला
आणि चार-पाच जणांनी एकदमच चष्मे पुसायला काढले.

बिराजदार सर म्हणाले,
लोक टीव्ही लावणार ते आमच्या संघासाठी,
तेव्हा निम्मा वाटा आमचा,
नाहीतर आम्ही आमचं वेगळं बघतो.
मंगळवेढ्याच्या हत्तरगी मॅडम पदर सावरत म्हणाल्या,
"बघा की. एकटेच खेळा.
पाठलाग कुणाचा करताय, तेवढं दाखवा टीव्हीवर."
इतिवृत्तात एवढंच आहे: हशा.

मग चहा. मग शेंगाचटणीची पुडी, पाहुण्यांना,
सही व्हायच्या आधीच.

कलम चार: सामने संध्याकाळी साडेसातला, दिव्यांत.
वळसंगची शेवटची गाडी सव्वासातला सुटते,
कोणीतरी म्हणालं.
मुक्कामाचा खर्च ज्याचा त्यानं, ठरलं.
कलम सहा: प्रत्येक डावात दोन जाहिराती.
कलम नऊ: मैदानावरचा सर्व आवाज
वाहिनीच्या मालकीचा.

इथं माझं पेन अडलं.
"सर्व म्हणजे, खो पण?"
इतिवृत्त लिहिणाऱ्यानं विचारायचं नसतं.
सगळे माझ्याकडे बघायला लागले,
जसं काही टेबलच बोललं.
पुण्याचा माणूस पहिल्यांदा हसला.
"काका, सर्व म्हणजे सर्व."

चौतीस वर्षं गुणपत्रक भरतोय मी.
मला एवढं माहीत आहे:
पाठीवर हात पडला पाहिजे, शब्द मोठ्यानं आला पाहिजे,
त्याशिवाय बसलेलीनं उठायचं नाही.
पुटपुटलेला खो चालत नाही.
त्या दिवशी मी खाली मान घालून लिहिलं,
"सर्वानुमते मंजूर,"
आणि कुणी माझ्या पाठीला हात लावला नाही.

डिसेंबरात दिवे लागले.
रेणुका म्याकल, आमची नऊ नंबर,
मोजे सारखे वर ओढायची.
"सर, खरंच घरी दिसतंय का?"
दिसतंय, म्हटलं.
बाप दुसऱ्या पाळीला, मागावर, तिथं कुठला टीव्ही.
आई विड्यांचं सूप मांडीवर घेऊन
शेजाऱ्यांच्या दारात बसलेली.

दुसऱ्या दिवशी ती ऑफिसात आली.
तेलुगूत सुरू केलं, मग माझं तोंड बघून
जमेल तशा मराठीत:
पोरगी पळत होती. खांबाकडं पळत होती.
मग एक बाई साबण लावायला लागली.
मग पोरगी गुडघे झटकत उठली, सगळे टाळ्या वाजवायलेत.
"मधी काय झालं?"

रेणुकाला विचारायचं ना, म्हटलं.
"विचारलं. काय नाही म्हणती. झोपली."

मी कपाट उघडलं.
दुसरा डाव, पाचवं मिनिट, एकोणीस सेकंद:
नऊ नंबरनं खांबावरून सूर मारला,
समोरची बाद.
मी उठून हात पसरून दाखवलं, किती लांब,
साठीला आलेला माणूस, खुर्चीला पोट टेकवून.
शिपाई दारात थांबून बघत होता.

तिनं त्या ओळीवर बोट ठेवलं.
तंबाखूचं पिवळं बोट, अक्षरांवरून एकदा सरकलं,
आकड्यापाशी थांबलं. आकडे तिला येत होते.
एकोणीस, म्हणाली.

मग झेरॉक्स मागितली.
कराराप्रमाणे देता येते का,
ते मी कुणाला विचारलं नाही.
समोरच्या दुकानात जाऊन काढून आणली,
दोन रुपये, माझ्या खिशातले.